बालाजीदादाचा पाय

तुम्ही हसता, पण त्या दिवशी मी मार खाऊनच घरी येणार होतो. शाळा सुटली तरी माझं मैदान सुटलं नव्हतं. लातूर जिल्हा नवा नवा झालेला, आमचा बास्केटबॉलचा संघ नांदेडला निघाला. एक पंच पाहुण्या संघाचा असायचा, म्हणून पंच म्हणून मला नेलं.

शेवटच्या मिनिटाला आमचा कप्तान बालाजीदादा पाय रोवून उभ्या असलेल्या नांदेडच्या पोरावर आदळला. बॉल बास्केटमध्ये गेला, पण मी चार्ज दिला, म्हणजे धडकणाऱ्याचा फाउल. बास्केट रद्द, आम्ही हरलो.

परतीला सगळे एकाच जीपमध्ये. सगळे माझ्याकडं पाठ करून बसले. रेणापूरजवळ दुष्काळानं आटलेल्या तळ्यापाशी दादानं जीप थांबवली.

"उतर."

मी उतरलो. दादा तळ्यातल्या धुळीत उभा राहिला.

"मी तो पोरगा, तू बालाजी. ये पळत."

"दादा, नको ना."

"ये म्हणलं ना!"

मी जीव मुठीत धरून पळालो. ऐन वेळेला दादा सरकून आडवा आला. मी त्याच्या मांडीवर आपटून पडलो आणि पडल्या पडल्या, सवयीनं, गळ्यातली शिट्टी वाजवून दोन्ही हात कमरेवर ठेवले. ब्लॉक, म्हणजे आडवं येणाऱ्याचा फाउल!

वाटलं, आता संपलं.

"इथंबी माझाच फाउल?"

"तुमचा पाय हलला, दादा."

त्यानं खाली बघितलं. धुळीत पाय ओढल्याची लांब खूण होती.

"हाव, हलला," तो म्हणाला. मग जीपकडं वळत म्हणाला, "त्या पोराचा न्हाई हलला."