ओरान ते उजदा

अल्जीरियातल्या ओरान शहरी, विमान-तिकिटांच्या कचेरीत बशीर रांगेत चुळबुळत होता. पुढची म्हातारी खिडकीतल्या कारकुनाशी बोलत होती.

“बाळा, उजदा किती लांब?”

“सरळ रेषेत दीडशे किलोमीटर, मावशी. अर्ध्या तासाचं उड्डाण.”

“मग तेच दे. बहीण गेली पहाटे. दुपारच्या नमाजानंतर पुरणार आहेत.”

“पण सरळ विमानच नाही. उजदा पडलं मोरोक्कोत, अन् मोरोक्कोची सरहद्द आपल्याला बंद, आकाशही बंद. ट्युनिसवरून कासाब्लांका, तिथून उजदा. उद्या सकाळी पोचाल.”

“अर्धा तास म्हणालास ना?”

“ते नुसतं मोजलेलं अंतर, मावशी.”

“तोवर ते थांबायचे नाहीत.”

“नाही थांबायचे.”

बशीरची चुळबुळ आता थांबली होती.

“काढू तिकीट?”

“काढ. माती ओली आहे तोवर तरी पोचते.”