व्हीटशीफच्या भिंतीवरचा इतिहास

आई एडनाच्या कबरीवर फुलं ठेवून मार्जरी बसथांब्यावर आली. पुढे उभे असलेले दोन म्हातारे समोरच्या व्हीटशीफ पबवर नव्या मालकाने लावलेली पाटी वाचत होते.

"'या तळघरात राजा लपला होता.' कुठला रे राजा, सिरिल?"

"तिथे गुडघाभर पाणी असतं, होरेस. बेडूक लपला असेल."

"'पांढऱ्या वस्त्रांतली बाई अजून जिन्यावर दिसते.'"

"ती एडना. झोपायच्या झग्यात खाली येऊन आपल्याला हाकलायची."

"तिचं नाव कुठे आहे का बघ."

"कशाला असेल? तिने नुसता तीस वर्षं पब चालवला. नवऱ्याला पुरून आली आणि त्याच संध्याकाळी बिअर ओतायला उभी राहिली. ते बघायला लांबून कोण येणार?"

"बिअर मात्र पाणचट होती."

"म्हणून दुसरीकडे गेलास का कधी?"

"नाही."

"मग गप बस. बस आली. चढा बाई तुम्ही आधी."

"तुम्ही व्हा पुढे. मला त्या मालकाला भेटायचंय. एडना माझी आई."

"पाणचट हा म्हणाला, बाई. मी नाही."

"पाणचटच होती," मार्जरी म्हणाली.

बस निघून गेली. मार्जरीने रस्ता ओलांडून पबचं दार ठोठावलं, तेव्हा तिच्यामागे दोघे म्हातारे टोप्या सारख्या करत उभे होते.