मिस्त्रींचे सिलिंडर

वहिनी : नुसते ठोकत काय बसलात, भाऊजी? पाचही सिलिंडर यांचेच आहेत. काय द्याल ते एकदा बोलून टाका.

व्यापारी : वहिनी, जुना माल आधी ऐकावा लागतो. हा बघा, घंटेसारखा वाजतो. आणि हा? भद्द. बूड गंजलंय. ओलीत उभा होता का?

वहिनी : न्हाणीच्या भिंतीला. वेल्डिंगचं दुकान सोडलं तेव्हा जागा मिळेल तिथे सामान ठेवलं.

व्यापारी : याला आता कोणी गॅस भरून देणार नाही. भंगारच.

वहिनी : बरं, तो गेला. हे दोन काळे?

व्यापारी : ऑक्सिजनचे. माल उत्तम आहे. पण इथे, मानेखाली हात फिरवा. काय लागतंय?

वहिनी : अक्षरं ठोकलीत.

व्यापारी : गॅस कंपनीचं नाव आहे ते. हे भाड्याचे आहेत, वहिनी. मी उचलले तर उद्या चोरीचा माल म्हणून माझीच मानगूट धरतील.

वहिनी : भाड्याचे? अहो, मी डॉक्टरांना सांगून आले, मशीन घेते म्हणून!

व्यापारी : कसलं मशीन?

वहिनी : श्वासाचं. खाटेशेजारी ठेवायचं, नाकाला नळी लावायची. इतक्या वर्षांच्या धुरानं छाती खाल्ली यांची. दवाखान्यानं घरी पाठवलंय. आडवं होता येत नाही, उशीवर डोकं टेकून बसूनच झोपतात.

व्यापारी : मला वाटलं, साधा खोकला असेल.

मिस्त्री : कोण... आलंय गं?

वहिनी : भाऊजी आलेत. तुम्ही आतून ओरडू नका, धाप लागेल.

मिस्त्री : तो तांबडा... बघितलास का रे?

व्यापारी : बघितला, मिस्त्री. ॲसिटिलीनचा ना? एका बाजूनं भाजलाय. शिवाय चाचणीची तारीख उलटून गेलीय.

मिस्त्री : माझीपण... उलटलीय.

वहिनी : जीभ काही आजारी पडली नाही यांची! भाऊजी, हा शेवटचा तरी बघा.

व्यापारी : हा ऑक्सिजनचाच. कंपनीचं नाव नाही, तारीख शाबूत, आवाज खणखणीत. हा एक मात्र खरा तुमचा.

वहिनी : मग याच्या पैशात येईल ना मशीन?

व्यापारी : वहिनी...

वहिनी : जुनं चालेल. कुणाचं वापरलेलं.

व्यापारी : त्याची चाकंसुद्धा यायची नाहीत. माझ्या पदरचे घालीन, पण तेही किती असणार?

वहिनी : थांबा. यात अजून थोडा ऑक्सिजन आहे, काटा हलतो. तोच बारीक सोडून नळीनं दिला तर?

व्यापारी : नको, नको. हा लोखंड कापायचा गॅस. नळ्यांत तेल, आत गंज, काय काय असेल. छातीत नाही घालायचा हा.

वहिनी : ऑक्सिजन तो ऑक्सिजनच ना हो?

मिस्त्री : अगं, ऐक त्याचं. दे... तो त्याला. वेल्डिंगची टॉर्चपण दे.

वहिनी : टॉर्च मी देणार नाही. उद्या बरं वाटलं म्हणजे काय, नुसत्या हातानं जोडणार लोखंड?



व्यापारी : राहू दे टॉर्च, वहिनी. मला नकोच होती.

(व्यापारी शेवटचा सिलिंडर खांद्यावर घेऊन, आवाज न करता गेल्यावर वहिनी आतल्या खोलीत येते.)

मिस्त्री : गेला?

वहिनी : गेले.

मिस्त्री : आणि सिलिंडर?

वहिनी : तोही गेला.

मिस्त्री : फरशीवरून लोळवत नेला असता... तर आवाज आला असता की.

वहिनी : खांद्यावर घेतला त्यांनी.

मिस्त्री : एवढं धूड? कशाला?

वहिनी : तुमची उशी घसरलीय. पुढे व्हा जरा.