लग्नाच्या रेकॉर्डिंगमधला माझा आवाज

माझं तोंड कसं आहे ते मला ठाऊक आहे, पण ते मोबाईलमध्ये भरून अकोल्याला जाईल असं वाटलं नव्हतं.

नातीचं लग्न अकोल्याला, अन् मी गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अमरावतीत पलंगावर. मोबाईलवर लाइव्ह पाहिलं, अन् पुन्हा पाहता यावं म्हणून रेकॉर्डही केलं. कोणी शिकवलं नाही, माझी मीच शिकले.

दुसऱ्या दिवशी नातीच्या सासूचा फोन. "फोटोवाल्याकडचं लग्नाचं रेकॉर्डिंग उडालं म्हणते. तुमच्याजवळ हाय का?"

मी ऐटीत पाठवलं, अन् मग स्वतः लावून पाहिलं. रेकॉर्ड करताना माझ्या मोबाईलचा माइक सुरूच राहिला होता. नातीचे सासरे आशीर्वादाचं भाषण करताहेत, अन् वरून माझा आवाज: "किती बोलून राहिला हा माणूस. पोरगी उभी राहून थकली. बसवा न कोणी याले खाली."

आता पोरीला सासरी पहिल्याच दिवशी माझ्यापायी बोलणी बसणार, म्हणून माझा जीव खालीवर. तेवढ्यात सासूचाच फोन.

"बाई, जे बोलाचं ते मले बोला," मी म्हटलं, "पोरीले नका बोलू."

"काहून बोलू?" ती म्हणाली. "अख्खी जिंदगी गेली, मले त्याइले हे म्हणता नाही आलं. आता त्याइनं घरात भाषण सुरू केलं, का मी तुमचा आवाज लावत जाईन."