पाठीला पाठ

नाय गो जना, चहा नको, तू उठूच नको — उठलीस तर सावळीचा टेका जाईल. निवड तू तुझे तांदूळ. बसा दोघी अशाच, पाठीला पाठ लावून. मी काय, आई हाय तिची, मी उभी राहते. वीस वर्षं न्हाऊमाखू घातलं, नि माझा हात लागला की पोर अंग चोरते. तू जाऊ माझी, दिवसाला चार शब्द बोलत नायस, तिच्याकडं बघतसुदा नायस — आणि ती रोज तुझ्याच ओटीवर येऊन पळसाची पानं टाचत बसते. जळते मी तुझ्यावर, खरं सांगते. असं काय दिलंस तिला?

शहापूरच्या सेंटरमधल्या दिशा मॅडम म्हणतात, ऑटिझम हाय म्हणून माया कमी नसते, दाखवायची तऱ्हा निराळी असते. सारखं जवळ घेतलं, सारखं बोललं की तिला सोसत नाय. मी म्हटलं, आईचं सोसत नाय नि काकीचं सोसतं? तर विचारतात, काकी काय करतात? म्हटलं, काय नाय करत. हसल्या, नि वहीत लिहून घेतलं.

हे गेले तेव्हाचं आठवतं ना — अख्खं किन्हवली गाव दारात रडतंय नि ही कोरडी. बाया कुजबुजल्या, पोरीला बापाचं काय नाय. मी सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत दिली. दिली, हो. रड म्हटलं. ती उठली ती तुझ्याकडं आली, बारा दिवस इथंच. मला वाटलं, पळाली. आणि आज तिला पानं आणून देणारे लखमाभावजी बोलून गेले — तेराव्याला गाव जेवला त्या सगळ्या पत्रावळ्या सावळीनं टाचलेल्या. बोटं सोलली तरी थांबली नाय. त्याच पत्रावळ्यांवर मी भात वाढत होते गो, नि मनात हिलाच शिव्या देत होते. तू का नाय सांगितलंस? कधी सांगणार — मी गप कधी बसले?

बसते इथं, तिच्या बाजूला. तिच्याकडं पाठ करून. टेकत नाय, लांबच बसते. आता बोलत पण नाय.

... ही पानं कोणी सरकवली माझ्याकडं? तू? तुझे तर दोन्ही हात सुपात —

बरं. नाय बघत मागं.