सुट्या पानांची कादंबरी

डोळ्यांत थेंब टाकून पापण्या मिटून बसायचं, म्हणजे कानांना दुसरं कामच उरत नाही. सीताबर्डीच्या दवाखान्यात नंदिनीच्या शेजारी म्हातारे बहीणभाऊ बोलत होते.

“दादा, ते जाडी कादंबरी तुले कधी समजली का गा?”

“तेव्हा कुठं वं! मले वाटे, लेखक नुसता शायनिंग मारून राहिला.”

“बाबा तर म्हणे, लई खोल आहे. आपण मागाच्या कांड्यांवर सूत भरत बसू, अन् बाबा वाचून दाखवे.”

“पोरानं आता नवी प्रत आणली, प्रेमिला. एकदम सरळ गोष्ट आहे. आपल्या पुस्तकाची शिलाई उसवली होती, बाबानं लावलेली पानं मागंपुढं होती.”

“बाप्पा! म्हणून त्यातली माय मधातच मरे, अन् शेवटी पुन्हा चूल पेटवे?”

“हो. नव्या प्रतीत शेवटी मरते.”

“आपली माय गेली, त्याच हिवाळ्यात वाचली ना गा बाबानं?”

“त्याच.”

“पानांवर आकडे नव्हते का गा?”

“होते वं. एकूण एक पानावर होते.”