दुसरा साक्षीदार

तुम्ही हसाल, पण मला अजूनही राग येतो. लग्नाला जेमतेम दीड महिना झाला होता. मामंजींनी मृत्युपत्र करायचं ठरवलं आणि आमचे गुजराती वकील बडोद्यात वासण्याला आमच्या घरी आले. साक्षीदार दोन लागतात. शेजारचे काका वेळेवर येऊन बसले. लहरीपुऱ्याचे डॉक्टर काही आलेच नाहीत.

वकील म्हणाले, "दुसरा कोणीही चाले, पण बहारचा जोइए हं. ज्याला यातून काही मिळणार नाही असा."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "मग ही आहे की! कालपरवा तर आलीय. हिला कुठे काय द्यायचंय?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो केबलवरची मॅच बघत होता. तांदळात लिहून माझं नावसुद्धा बदललं यांनी, आणि मी बाहेरची!

मी पेन घेतलं आणि विचारलं, "सही कुठल्या नावाने करू? माहेरच्या, की तुम्ही ठेवलेल्या?"

मामंजी खोकले. वकिलांनी माझ्यासमोरचा कागदच ओढून घेतला. "अरे, आ तो वहू छे, सून! घर हिच्या नवऱ्याला, आणि साक्षीदार ही? उद्या कोर्टात वांधा पडेल. बेन घरचीच म्हणायची."

"असं होय!" सासूबाई माझ्याकडे वळल्या. "घरचीच आहेस, तर मग बसलीस काय? सगळ्यांना चहा टाक."